कुणाच्या पैशानं स्वतंत्र? जॉन अब्राहम आणि ओडेसा

आधी एक खुलासा करतो, म्हणजे नंतर कुणाची निराशा व्हायला नको. आजच्या व्याख्यानाचा विषय 'जॉन अब्राहम' असा जाहीर झाला तेव्हा आमच्या शेजारच्या मुलीनं मला विचारलं, "आजोबा, तुम्ही त्यांचे सिनेमे बघता?" तिच्या डोळ्यांपुढे मोटारसायकलवरून येणारे, दंड फुगवलेले जॉन अब्राहम होते. (हशा) आपले जॉन अब्राहम ते नव्हेत. हे केरळचे. दाढी वाढलेली, केस विस्कटलेले, खिशात बहुधा काही नसलेले. १९३७ साली जन्मले, १९८७ साली गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नाही. आणि आयुष्यभरात कथापट केले चार. जे ऑनलाइन ऐकताहेत त्यांनी शोध घेताना नावापुढे 'मल्याळम' हा शब्द टाकावा, नाहीतर भलतंच काहीतरी समोर येईल.

चार चित्रपट करणाऱ्या माणसावर तासभर का बोलायचं? आणि तेही तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं? याला कारण एक शब्द आहे. आपण सहज म्हणतो, 'स्वतंत्र चित्रपट', 'स्वतंत्र दिग्दर्शक'. या स्वतंत्रतेचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. सिनेमा ही कला अशी आहे की ती एकट्यानं होतच नाही. कवीला कागद पुरतो. गवय्याला तंबोरा लागतो, फार तर तबलजी लागतो. सिनेमाला कॅमेरा, फिल्म, प्रयोगशाळा, संकलनाचं टेबल, पंचवीस-तीस माणसांचं रोजचं जेवण, हे सगळं लागतं, आणि त्यानंतर दाखवायला पडदा लागतो. म्हणजे पैसा लागतो. आणि पैसा तर दुसऱ्याचा असतो. मग स्वतंत्र कसला?

इथं मला पाणिनीची आठवण होते. घाबरू नका, व्याकरणाचा तास घेत नाही. पाणिनीनं कर्त्याची व्याख्या करताना 'स्वतंत्र' हाच शब्द वापरला आहे. क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. आता लाकूडतोड्याचं उदाहरण घ्या. कुऱ्हाड नसेल तर तो लाकूड तोडू शकत नाही. झाड उभं लागतं, कुऱ्हाडीला धार लागते. तरीही कर्ता तोच, कुऱ्हाड नव्हे. का? कारण कुऱ्हाड कुठं पडायची हे तो ठरवतो. म्हणजे स्वतंत्र असण्यासाठी कुणावाचून अडत नसलं पाहिजे अशी अट नाहीच. साधनं लागणारच, माणसं लागणारच. प्रश्न एवढाच की क्रियेचं तंत्र कुणाच्या हातात आहे. जॉन अब्राहम यांचं आयुष्य मी या प्रश्नाच्या अंगानं बघणार आहे. त्यांच्याबद्दलच्या दंतकथा ज्यांना ऐकायच्या असतील त्यांची थोडी गैरसोय होईल.

जन्म ११ ऑगस्ट १९३७ चा, कुट्टनाड भागातल्या सीरियन ख्रिस्ती कुटुंबातला. कुट्टनाड म्हणजे जिथं भाताची शेतं समुद्रसपाटीच्याही खाली आहेत आणि बांध घालून पाणी बाहेर ठेवावं लागतं तो मुलूख. अर्थशास्त्राची पदवी घेतली, आयुर्विमा महामंडळात नोकरी लागली. त्या काळात विमा महामंडळातली नोकरी म्हणजे घरच्यांनी देवाला नारळ फोडावा अशी गोष्ट. जॉननी ती सोडली आणि ते पुण्याला आले. (गंमत बघा, आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनला जाण्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती. विमा आणि सिनेमा यांचं काहीतरी जुनं वैर असावं.)

पुण्याला म्हणजे लॉ कॉलेज रोडवर, प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. साठच्या दशकाच्या मध्याला तिथं ऋत्विक घटक काही काळ शिकवत होते, उपप्राचार्य होते. मणी कौल, कुमार शहानी आणि जॉन हे त्यांचे विद्यार्थी. घटकांकडून कोण काय शिकला हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. जॉननी एक गोष्ट नक्की उचलली. आई ही घटकांच्या सिनेमात नुसती नात्यातली बाई नसते, ती देश असते, भूमी असते, हरवलेलं घर असते. जॉनच्या शेवटच्या चित्रपटाचं नावच आईपासून सुरू होतं, त्याकडे आपण येऊ. त्यांनी दुर्गुणही उचलला, दारूचा. तोही नमूद करून पुढं जाऊ.

पुण्यातून बाहेर पडल्यावर मणी कौल यांच्या 'उसकी रोटी'वर सहायक म्हणून काम. 'उसकी रोटी' १९६९ चा, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर झालेला. म्हणजे त्या पिढीपुढे दोन दारं होती. एक बाजारातल्या निर्मात्याचं आणि दुसरं सरकारचं. जॉनचा पहिला चित्रपट, १९७२ चा 'विद्यार्थिकळे इथिले इथिले', पहिल्या दारातून आला. शाळेतली मुलं फुटबॉल खेळताना एक पुतळा फोडतात आणि तो भरून देण्यासाठी त्यांना पैसे जमवावे लागतात. चित्रपट चालला नाही, आणि त्यावर फार वेळ घालवण्यासारखंही नाही. पण मला त्याची गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते. ज्या माणसानं पुढं गावोगाव फिरून वर्गणी जमवली, त्याच्या पहिल्या सिनेमातली पोरंसुद्धा वर्गणीच गोळा करताहेत.

१९७७ साली त्यांनी तमिळमध्ये चित्रपट केला, 'अग्रहारत्तिल कळुदै', म्हणजे अग्रहारातलं गाढव. इथं जरा थांबू या. नारायणस्वामी नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या दारात गाढवाचं एक पोरकं पिल्लू येतं. जमावानं त्याची आई मारलेली असते. प्राध्यापक ते पिल्लू पाळतात. कॉलेजात चेष्टा होते. शेवटी ते पिल्लाला आपल्या गावी, ब्राह्मणांच्या आळीत, आईवडिलांकडे नेऊन ठेवतात. तिथं उमा नावाची मुकी मुलगी त्याची देखभाल करते. गावातल्या प्रत्येक अपशकुनाचं खापर गाढवावर फुटायला लागतं. पुढं उमाचं मेलेलं अर्भक देवळापुढे सापडतं, त्याचाही दोष गाढवाच्या माथी, आणि गाव मिळून गाढवाला ठार मारतं. मारल्यावर मात्र चमत्कार व्हायला लागतात! मग तेच लोक म्हणतात, गाढव दैवी होतं, त्याचं देऊळ बांधू या. शेवटी अग्रहार आगीत सापडतो. प्राध्यापकाची भूमिका केली आहे एम. बी. श्रीनिवासन यांनी. ते मुळात संगीतकार, नट नव्हेत, आणि म्हणूनच ते पडद्यावर खरे प्राध्यापक वाटतात. मी हे व्यवसायबंधू म्हणून सांगतो आहे. (हशा)

या चित्रपटामागं रॉबेर ब्रेसाँचा गाढवावरचा प्रसिद्ध फ्रेंच चित्रपट, 'ओ हझार बाल्थझार', आहे हे सगळे सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण आपण मराठी माणसं तो बघायला बसलो की आपल्याला ब्रेसाँच्या आधी एकनाथ आठवतात. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला न नेता वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजणारे एकनाथ. आणि ज्ञानेश्वरांचा रेडा. आपल्या परंपरेत शास्त्र्यांना गप्प करण्याचं काम जनावराकडे सोपवण्याची जुनी रीत आहे. फरक बघा. पैठणचा रेडा वेद बोलतो, आणि बोलल्यावर ब्रह्मवृंद मान तुकवतो. जॉनचं गाढव शेवटपर्यंत गाढवच राहतं. ते काही सिद्ध करत नाही. चमत्कार त्याला मारणाऱ्यांना हवे असतात, पूजेची गरजही त्यांनाच. मला हा चित्रपट तिथं फार कठोर वाटतो. मारलेल्याला देव करून टाकणं ही सर्वांत सोयीची क्षमायाचना असते. त्यात कुणाला तुरुंगात जावं लागत नाही.

त्या वर्षीचा तमिळ भाषेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. आणि तमिळनाडूत? ब्राह्मण मंडळींकडून विरोध झाला, वृत्तपत्रांनी बहुतेक दुर्लक्ष केलं. पुढं दूरदर्शनवरचं ठरलेलं प्रक्षेपणसुद्धा रद्द झालं. म्हणजे बघा, सरकार एका हातानं पदक देतं आणि दुसऱ्या हातानं बटण बंद करतं. चित्रपट तयार झाला, पण पडदा नाही मिळाला. मघाशी मी कुऱ्हाडीचं उदाहरण दिलं, ते इथं अपुरं पडतं. लाकूड तोडून झालं तरी ते बाजारात नेऊच दिलं नाही, तर लाकूडतोड्याच्या स्वातंत्र्याचं करायचं काय?

१९७९ मध्ये 'चेरियाच्चंडे क्रूरकृत्यंगळ', चेरियाच्चनची क्रूरकृत्यं. कुट्टनाडमधला जमीनदार, शेतमजुरांवर होणारे पोलिसी अत्याचार बघून भीतीनं आणि अपराधी भावनेनं पोखरून जातो आणि न केलेल्या गुन्ह्यांनाही स्वतःचे समजायला लागतो. मुख्य भूमिकेत अदूर भासी. केरळमध्ये त्यांचा चेहरा पडद्यावर दिसला की लोक हसायला सुरुवात करायचे. त्याच चेहऱ्यावर जॉननी भीती बसवली. हा त्यांचा दिग्दर्शक म्हणून सर्वांत नेमका चित्रपट असं माझं मत आहे. तरीही तो थोडक्यात सोडतो, कारण मला ओडेसाकडे यायचं आहे.

१९८४ साली कोळिकोडमध्ये जॉन आणि त्यांच्या मित्रांनी ओडेसा नावाचा समूह सुरू केला. नाव कुठून आलं? आयझेन्स्टाइनच्या १९२५ च्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये ओडेसा शहराच्या पायऱ्यांवर झारचे सैनिक लोकांवर गोळ्या झाडतात, तो प्रसंग. आई कोसळते आणि बाबागाडी पायऱ्यांवरून गडगडत जाते, ते दृश्य न पाहिलेला माणूस आपल्या श्रोत्यांत कमीच असेल. तर इथंही आई आहेच.

ओडेसाची कामाची पद्धत अशी. प्रोजेक्टर घ्यायचा आणि गावात जायचं. ढोल वाजवायचा, पथनाट्य करायचं, माणसं गोळा करायची. रात्री पडदा बांधायचा आणि चॅप्लिनचा 'द किड' दाखवायचा. तिकीट नाही. बघून झाल्यावर सांगायचं, आम्हाला एक सिनेमा करायचाय, जमेल ते द्या. कोणी रुपया देई, कोणी दोन. असं करत करत एका पूर्ण लांबीच्या कथापटाचे पैसे उभे केले. निर्माता नाही, कर्ज नाही, आणि चित्रपट झाल्यावर थिएटरच्या मालकाच्या दारातही जायचं नाही. ज्या वाटेनं पैसे आले त्याच वाटेनं चित्रपट परत न्यायचा.

तुम्ही म्हणाल, यात नवं काय? लोकांच्या पैशातून सिनेमा आधीही झाला होता. बरोबर आहे. १९७६ चा श्याम बेनेगलांचा 'मंथन', ज्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, तो गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. अमेरिकेत जॉन कॅसाव्हेटीसनी १९५७ साली रेडिओवरच्या एका कार्यक्रमात श्रोत्यांना सहज आवाहन केलं, आणि लोकांनी दोन हजारांहून अधिक डॉलर पाठवले, त्यातून 'शॅडोज' सुरू झाला. दोन्ही उदाहरणं मला प्रिय आहेत. पण 'मंथन'चे दोन रुपये सहकारी संघाच्या यंत्रणेतून आले, आणि चित्रपट त्या सहकाराचीच गोष्ट सांगत होता. देणारा स्वतःची कथा विकत घेत होता, आणि ट्रकांत बसून ती बघायलाही गेला. कॅसाव्हेटीसच्या श्रोत्यांनी पोस्टानं पैसे पाठवले, ते घरात बसून. ओडेसात देणारा आणि मागणारा एकाच अंगणात, एकाच अंधारात बसलेले होते. मागणाऱ्यानं आधी काहीतरी दिलेलं होतं, चॅप्लिन दिलेला होता. आपल्याकडे कीर्तनकार आधी कीर्तन करतो, मगच आरतीचं तबक फिरतं, तसंच हे.

आता या पैशातून झालेल्या चित्रपटाकडे येऊ. 'अम्मा अरियान', १९८६. नावाचा अर्थ इंग्रजीतून 'आईला अहवाल' असा लोक सांगतात, तो मला फार कोरडा वाटतो. मल्याळममध्ये पत्राची सुरुवात अशी करतात, अमक्याला कळण्यासाठी. आपण मराठी पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' लिहायचो. त्यातलं 'कळावे' तुम्ही सुरुवातीला आणा आणि आईला उद्देशून म्हणा, 'आईस कळावे'. हा चित्रपट म्हणजे पत्र आहे. पुरुषन नावाचा तरुण दिल्लीला निघतो, जाईन तिथून पत्र लिहीन असं आईला सांगून. वायनाडच्या डोंगरात वाटेत त्याला एक मृतदेह दिसतो. चेहरा कुठंतरी पाहिलेला. दिल्ली राहते बाजूला. तो शोधत निघतो आणि कळतं की हा हरी, तबला वाजवणारा, नक्षलवादी चळवळीत गेलेला, त्यानं आत्महत्या केली. मग एकच काम उरतं. त्याच्या आईला सांगायला हवं, आणि आई राहते खाली कोचीला.

केरळमध्ये तेव्हा हे सगळं ताजं होतं, हे लक्षात घ्या. आणीबाणीत, १९७६ साली, कोळिकोडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला राजन नावाचा विद्यार्थी पोलिसांनी उचलला आणि तो परत आलाच नाही. त्याचे वडील ईच्चर वारियर मुलाचं काय झालं हे कळावं म्हणून वर्षानुवर्षं झगडले. 'आईस कळावे' या शब्दांना तिथं काय वजन होतं ते यावरून ध्यानात येईल. ज्या राज्यात बापाला कळू दिलं जात नाही, तिथं हा सिनेमा कळवायला निघाला होता.

पुरुषन एकटा निघतो. गावोगाव हरीचे मित्र भेटतात, ज्याला हरी थोडा ठाऊक आहे असे. प्रत्येकजण हातातलं काम टाकून सोबत येतो. कुणी नोकरीवरून, कुणी तालमीतून. वाटेत आंदोलनं भेटतात, संप भेटतात, खरेखुरे चेहरे भेटतात, माहितीपट कुठं संपतो आणि गोष्ट कुठं सुरू होते ते सांगणं कठीण. कोचीला पोहोचेपर्यंत एक जथाच झालेला असतो. आता हे ओडेसाच्या शेजारी ठेवून बघा. एक माणूस निघतो, गावागावात थांबतो, प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं जमा होतं. पैसा ज्या पद्धतीनं जमला, त्याच पद्धतीनं गोष्ट चालते आहे! निर्मात्याच्या पैशावर ही गोष्ट सांगता आली असती, नाही असं नाही. पण तिची चाल अशी झाली नसती. मी मघाशी 'तंत्र' म्हणालो, ते मला इथं सापडतं. जॉन हजारो माणसांवर अवलंबून होते, कुठल्याही व्यावसायिक दिग्दर्शकापेक्षा जास्त माणसांवर. फक्त त्यातल्या कुणाच्याही हातात कथेची दोरी नव्हती, आणि तरीही त्या सगळ्यांची पावलं कथेत उमटली आहेत.

अडचणीही सांगायला हव्यात, नाहीतर हे श्रद्धांजलीचं भाषण होईल. पहिली अडचण, चित्रपट सोपा नाही. कृष्णधवल, संथ, लांबच लांब चालणं. वेणू यांचं छायाचित्रण अप्रतिम आहे, त्यांना त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण 'द किड' बघून हसलेल्या, रडलेल्या आणि त्या भरात दोन रुपये काढून दिलेल्या शेतमजुराला हे मिळालं तेव्हा काय वाटलं असेल? चॅप्लिन दाखवून वेगळंच काही विकलं, असा आक्षेप घेता येतो आणि तो मला खोटा वाटत नाही. वर्गणी देणाऱ्याला नफ्यातला वाटा नसतो, पटकथेत बदल सुचवायचा हक्क नसतो. पण 'आमच्यासाठी काय केलंत' असं विचारायचा हक्क त्याला असतो. गणपतीच्या मंडळाला आपण विचारतोच की! ओडेसानं चित्रपट गावात परत नेला, म्हणजे निदान त्या प्रश्नापुढे उभं राहायची तयारी ठेवली. एवढं तरी किती निर्माते करतात?

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. समूह होता, पण समूहाचा प्राण एका माणसात होता. लोक पैसे देत ते ओडेसाला, पण ढोलाच्या आवाजात त्यांना दिसत असे तो जॉन. असा माणूस संस्था उभी करू शकतो, पण त्याच्यावाचून चालेल अशी घडी तिला घालून देणं त्याला बहुधा जमत नाही. ३१ मे १९८७ रोजी जॉन गेले. कोळिकोडमध्ये एका इमारतीच्या गच्चीवरून पडून. वय एकोणपन्नास. 'अम्मा अरियान' होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ओडेसाची माणसं नंतरही माहितीपट करत राहिली, गावोगाव सिनेमे दाखवत राहिली, ते काम लहान नव्हे. पण त्या रीतीचा दुसरा कथापट उभा राहिला नाही.

आणि मग सुरू झाल्या दंतकथा. पिऊन कुठं झोपले, कुणाकडून पैसे घेतले, कुणाला काय सुनावलं. केरळमध्ये जॉनच्या गोष्टी सांगणारे लोक जॉनचे चित्रपट पाहिलेल्या लोकांपेक्षा जास्त असावेत अशी मला शंका आहे. मला या गोष्टींचा राग येतो, तो नीतीचा आव आणून नव्हे. अवलिया म्हटलं की माणूस मोजावा लागत नाही. त्याची हिशेबाची वही, त्याची पद्धत, त्याच्या चुका कशाचीच चौकशी करावी लागत नाही. अग्रहारातल्या लोकांनी गाढवाचं तेच केलं होतं. पैसे कसे जमवले, पडदा कुठं बांधला, गावात पहिली ओळख कुणी करून दिली, चित्रपट परत नेला तेव्हा किती जण उठून गेले, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आता माझ्याच वयाची आहेत. तरुण अभ्यासकांपैकी कुणी ऐकत असेल, आणि मल्याळम येत असेल किंवा शिकायची तयारी असेल, तर त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर घेऊन जावं. तुमच्याकडे तो हल्ली फोनमध्येच असतो.

प्रश्नोत्तरांच्या आधी आपण 'अम्मा अरियान'चा पहिला वीस मिनिटांचा भाग बघणार आहोत. प्रत थोडी खराब आहे, आवाज मध्येच दबतो. वायनाडच्या धुक्यातला रस्ता आणि तो मृतदेह बघणारा पुरुषन, एवढं दिसलं तरी पुरे. मागच्या बाजूचे दिवे घालवता का जरा? हां. बाकीचे राहू द्यात, लिहून घेणाऱ्यांना उजेड लागतो.